त्याचं कारण वेगळंय

पुणे-सोलापूर रस्त्यावर पळसदेवला उतरलं, की कडेला पत्र्याचं एक हॉटेल लागतं. हॉटेल म्हणजे चहा, वडापाव आणि दुपारनंतर भजी. त्याच्या बाहेरच्या बाकाच्या डाव्या टोकाला सकाळी साडेसहा ते आठ आबा बसलेले असतात. त्यांच्या शेजारी टेकून तुम्ही नुसतं म्हणा, "आज उकडतंय बुवा."

"त्याचं कारण वेगळंय," आबा म्हणणार.

तुम्ही काही कारण सांगितलेलंच नसतं. मग वेगळं म्हणजे कशापेक्षा वेगळं, असा प्रश्न नवख्या माणसाला पडतो. जुना माणूस प्रश्नात पडत नाही, तो चहा घाईघाईनं बशीत ओततो. कारण आबांचं कारण एका चहात मावत नाही, आणि दुसऱ्या चहाचे पैसे ऐकणाऱ्यानं द्यायचे असा तिथला रिवाज आहे.

गावात त्यांना तोंडावर आबा आणि पाठीमागं कारणआबा म्हणतात. खरं नाव मतदार यादीत आहे, ते तिथंच असू दे. उजनी धरणात गाव उठलं तेव्हा हे दहा-बारा वर्षांचे. नव्या गावठाणात वडलांच्या हाताखाली विटा देता देता थापी हातात आली आणि पुढं चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. आता गुडघे गेले, थापी सुटली, पण ओळंबा सुटला नाही. सदऱ्याच्या उजव्या खिशात पितळी ओळंबा, डाव्या खिशात भिंग, पाच मीटरचा टेप आणि जुन्या स्पीकरमधून उचकटून काढलेलं लोहचुंबक. लोहचुंबकाला वाटेतले खिळे-टाचण्या चिकटतात आणि महिन्याला एक खिसा फाटतो. "खिशाला भोकं पडायचं कारण काय वो?" काकी विचारतात. तेही वेगळंच असतं. शिंप्यानं दोरा नायलॉनचा वापरलेला नसतो.

माझी त्यांची गाठ पडली ती माठावरून. मी शाळेत विज्ञान शिकवतो, बावीस वर्षं झाली. हे हॉटेलवाल्यानं त्यांना सांगितलं आणि माझी सकाळ संपली.

"सर, माठातलं पाणी गार का पडतं?"

मी खडू नसताना खडू धरल्यासारखी बोटं केली. माठाला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी पाझरतं, पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, वाफ व्हायला उष्णता लागते, ती माठातून आणि आतल्या पाण्यातून घेतली जाते. आबांनी मान हलवत सगळं ऐकलं.

"बराबर हाय. पण त्याचं कारण वेगळंय. माठ मातीचा. माती कुठली? जिमिनीखालची. जिमिनीखाली गारवा. म्हंजी माठाला पहिल्यापास्नं गारव्याची सवय असती."

मी हसलो. तिथं चुकलो. आठ दिवसांनी आबांनी मला घरी बोलावलं. ओसरीवर एकाच कुंभाराकडचे दोन सारखे माठ शेजारी शेजारी मांडले होते. एक उघडा आणि दुसऱ्याला बाहेरून दाराचा हिरवा ऑइलपेंट, दोन हात. आबांनी दोन्ही माठांतलं पाणी मला प्यायला लावलं. उघड्या माठातलं गार होतं, हिरव्यातलं कोमट. "सर, तुमचं खरं निघालं," आबा मोठ्या मनानं म्हणाले. मी खूश होऊन उठलो, तर मागून म्हणाले, "आन् रंग दिल्याव त्याची सवय मोडली, हे बी खरं निघालं."

बावीस वर्षांत मी फळ्यावर माठ शेकड्यांनी काढले असतील, बाण दाखवून. एकाही माठाला रंग मात्र दिला नव्हता. हे मी आबांना सांगितलं नाही.

या जातीची माणसं गावोगाव असतात. कुणाला हवामान, कुणाला इतिहास, कुणाला 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' हे वेड. आबांचं तसं नाही. त्यांना सगळंच लागतं, आणि 'मला ठाऊक नाही' हे वाक्य तेवढं त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. पण नुसतं बोलून ते थांबत नाहीत, करून बघतात. आणि करून बघितलं, की घरच्यांना त्रास होतो.

रोहितांचं घ्या. उजनीच्या पाण्यावर भिगवण-कुंभारगावच्या अंगाला हिवाळ्यात रोहित उतरतात. मग पुण्याच्या गाड्या येतात, गाड्यांतून हातभर लांबीचे कॅमेरे निघतात, नावाडी पहाटेपासून तयार. तिथंच कुणीतरी आबांना सांगितलं, की हा पक्षी जन्मतः गुलाबी नसतो. पिल्लू राखाडी असतं. पाण्यातलं शेवाळ आणि कोळंबीच्या जातीचे बारीक जीव खाऊन खाऊन त्यांतला रंग पिसांत उतरतो. माहिती सोळा आणे खरी आहे. पण आबांच्या हाती लागलेली खरी माहिती ही खोट्या माहितीपेक्षा घातक असते. त्यांनी काकींची एक पांढरी कोंबडी धरली आणि तिला एकवीस दिवस बीट किसून घातलं.

कोंबडी गुलाबी झाली नाही. आबांचं बनियन झालं, ओसरी झाली, आणि कोंबडीच्या मागच्या बाजूनं जे पडत होतं ते बघून शेजारच्या म्हातारीनं "रोग आला, रोग आला" म्हणून आळी गोळा केली. जनावरांच्या डॉक्टरला फोन गेला. मी मध्ये पडलो. म्हटलं, आबा, बीटाचा रंग वेगळ्या जातीचा असतो, तो पिसांत बसत नाही. रोहिताच्या अंगात उतरतो तो गाजर, पिवळा मका, झेंडू यांच्यातल्या रंगाचा भाऊबंद. आणि कोंबडीच्या बाबतीत तो पिसांत दिसत नाही, अंड्यातल्या बलकात दिसतो. झालं. दुसऱ्या दिवसापासून कोंबड्यांना मका आणि वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या. दोन-तीन आठवड्यांत बलक असा केशरी झाला, की हॉटेलवाल्यानं ती अंडी 'गावरान' म्हणून दोन रुपये जास्तीनं विकली. कोंबड्या पोल्ट्रीच्या होत्या. आबांना त्याचं काही नाही. ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या ताटात भिंग घालून बलक बघत होते.

आता एवढं म्हटल्यावर त्यांच्या खात्यावरची एक जमाही सांगितली पाहिजे. धरण 'उणे' कसं होतं हे मी आजवर वर्तमानपत्रांत वाचलं, अधिकाऱ्यांकडून ऐकलं, शाळेत स्वतः शिकवलं. पण आबांइतकं स्वच्छ कुणी सांगितलेलं नाही. दर दुष्काळात बातमी येते, उजनी उणे वीस टक्के, उणे चाळीस टक्के. बाहेरगावचा माणूस चक्रावतो. पाणी एक तर आहे किंवा नाही, उणे कसं असेल? आबा त्याला हॉटेलातल्या पाण्याच्या पिंपाजवळ नेतात.

"तोटी कुठं हाय?"

"खाली."

"पार बुडाला हाय का?"

नसते. बुडापासून वीतभर वर असते.

"तोटीच्या वरचं ते चालू पाणी. तोटीच्या खालचं ते मेलेलं. पिंप भरल्यालं कवा म्हणायचं? वरचं भरलं का शंभर. तोटीची धार थांबली का शून्य. मंग पुढं तांब्या घालून उपसायला लागलो, का उणे. तसं हाय हे. उजनीत सगळं मिळून ११७ टीएमसी. त्यातलं साडेत्रेसष्ट तोटीच्या खाली, साडेत्रेपन्न वर. टक्का काढत्यात तो वरच्या साडेत्रेपन्नचा. हिशेब वरच्याचा आन् उपसा खालचा, मंग उणे यायचंच. बँकेत माझं बी तसंच हाय."

एक टीएमसी म्हणजे किती, हेही त्यांनी एकदा काढून दाखवलं होतं. हजार दशलक्ष घनफूट, लिटरमध्ये २,८३१ कोटींच्या वर. आबांनी त्याचे दहा हजार लिटरचे टँकर केले, विटेच्या तुकड्यानं, हॉटेलच्या भिंतीवर. अठ्ठावीस लाखांच्या वर आले. तो २८,३१,००० चा आकडा दरपत्रकाच्या खाली अजून आहे. नवीन गिऱ्हाइकांना ती मालकाची थकलेली उधारी वाटते आणि ती गुपचूप रोख पैसे देतात. मालक म्हणूनच भिंत रंगवत नाही.

इतिहासात मात्र आबा कुणाला ऐकत नाहीत. काळ्या दगडाची, चुन्याशिवायची कुठलीही इमारत त्यांच्या लेखी हेमाडपंती. मी एकदा सांगून बघितलं, की हेमाद्री हा तेराव्या शतकातला, महादेवराव आणि रामचंद्रराव यादवांचा प्रधान. आणि हेमाडपंती म्हणून दाखवतात त्यांतली बरीच देवळं त्याच्या आधीची आहेत, काही तर शंभर-दोनशे वर्षं आधीची.

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बांधली आसतील आधी. पण त्याच्याच सांगण्यावरनं."

यावर काय बोलणार?

हे सगळं ज्या दिवसासाठी सांगतोय तो दिवस १२ मे २०२४. रविवार होता. आदल्या साली पाऊस दगा देऊन गेलेला, फेब्रुवारी उजाडायच्या आतच धरण आबांच्या तोटीखाली गेलेलं आणि मेमध्ये उणे पन्नासच्या आसपास. असं झालं, की आमच्याकडं एक गोष्ट वर येते. जुनं पळसदेव. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं आणि भीमेच्या काठचं आमचं गाव यशवंतसागराच्या पोटात गेलं. पाणी भरलेलं असताना पळसनाथाच्या देवळाचं शिखर तेवढं पाण्यावर दिसतं, तेही पाण्याच्या मर्जीनं. दुष्काळात आख्खं देऊळ कोरडं होतं. त्या उन्हाळ्यात ते झालं आणि पुण्या-मुंबईची माणसं बघायला लोटली.

आग मीच लावली. हॉटेलात सहज म्हणालो, की 'बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' हे आपण रोज म्हणतो, पण आपल्याकडं तो बरोब्बर डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या गावांनाच हे भाग्य. दिल्लीला ते नाही. त्या दिवशी उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते. पुण्याला १३-१४ मेला होते, आपण जरा दक्षिणेला, म्हणून आपली १२ तारीख. दुसरी जुलैच्या अखेरीला, पण तेव्हा ढग.

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. आत चहा होता. हे मी प्रथमच बघत होतो.

"सावली जाती? पार?"

"पार."

"मंग देवळात बघायची," आबा म्हणाले. "हितं काय, हितं डांबाची बी सावली पडती न् कावळ्याची बी. तितं आठशे वर्षांचा उभा दगड हाय."

चार दिवसांत त्यांनी गावभर सांगितलं, 'रविवारी बाराला देवळात या, सावली जाणार हाय.' काहींनी ते 'साडेसाती जाणार' असं ऐकलं. म्हणून चाळीसएक माणसं जमली. दोघींनी नारळ आणले होते.

पात्रातून चालत गेलो. पाणी मागं सरलेल्या चिखलाला वीत-वीत भेगा पडलेल्या, त्यांची पंचकोनी, षट्कोनी ढेकळं. मधून शिंपल्यांचा कचकच आवाज. आबा प्रत्येक भेगेपाशी थांबत होते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते, ताण सगळीकडून सारखा बसतो म्हणून चिरा अशा कोनांत पडतात, हे त्यांनी बरोबर सांगितलं. फक्त जाता जाता मधमाशीनं पोळं बांधायची कल्पना इथूनच उचलली, असंही सांगितलं.

चालता चालता शाईचा विषय निघाला. पाच दिवसांपूर्वी, ७ मेला, आमच्या बारामती मतदारसंघाचं मतदान झालेलं. सगळ्यांच्या डाव्या तर्जनीवर काळी रेघ. एकाला वाटलं ही साधी शाईच, जरा दाट. "त्याचं कारण वेगळंय," आबांनी सुरुवात केली. हिच्यात चांदीचा क्षार असतो, तो कातडीवरच्या मिठाशी मिळतो, ऊन लागलं की काळा पडतो आणि कातडीत बसतो. वरची कातडी झडेल तेव्हाच जातो. १९६२ च्या निवडणुकीपासून आपल्याकडं हीच शाई. हे सगळं ते इतक्या अधिकारानं बोलत होते, की मी त्यांच्या बोटाकडं बघितलं. रेघ ठणठणीत होती. बोट मात्र लालभडक सुजलेलं. लिंबू, पपईचा चीक, रॉकेल आणि शेवटी विटेचा तुकडा, असे चार प्रयोग पाच दिवसांत उरकलेले.

जुन्या घरांची जोती लागली. आबा एका जोत्यावर चढले आणि उंबऱ्याच्या दगडावर पाय ठेवून म्हणाले, "ह्यो आमचा." मागून त्यांचे भावकीतले एक म्हातारे कडाडले, "तो आमचा. तुमचा पलीकडं." लगेच टेप निघाला. पलीकडच्या भिंतीपासून सोळा फूट का साडेसोळा, यावर पंधरा मिनिटं गेली. बांध पाण्यात गेला होता, भांडण कोरडंच राहिलं होतं. शेवटी हॉटेलवाल्यानं दोघांना तंबाखू देऊन पुढं काढलं.

देवळापाशी आल्यावर मात्र आबांचं तोंड बंद झालं. त्यांनी चपला काढल्या, दगड तापलेला म्हणून पुन्हा घातल्या, आणि मंडपाच्या एका खांबाशी ओळंबा सोडला. पितळी शंकू हलला, हलला, दोरी शांत झाली. आबांनी एक डोळा मिटून खांबाची कड आणि दोरी यांच्यामधली फट वर बघितली, मध्ये बघितली, गुडघे धरून वाकून खाली बघितली. मग बोट घातलं. तिन्हीकडं तेवढीच फट. एवढी वर्षं पाण्यात जातोय आणि बाहेर येतोय तो खांब, खाली काळा पाषाण, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून झालेला. आबा मला हळूच म्हणाले, "सर, माझ्या हातची शाळंची भिंत बारा वर्षांत सूतभर गेलीय." हे त्यांनी कारण न देता सांगितलं.

मग तयारी. मंडपासमोर एक सपाट शिळा होती. पारदर्शक नळीत पाणी भरून आबांनी तिचं लेव्हल बघितलं, एका कडेला बारीक खडा सरकवला. दीड इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा तिच्यावर उभा केला, बुडाला ओल्या चिखलाचा गोळा लावला, दोन बाजूंनी ओळंबा धरून तो तंतोतंत उभा केला. चाळीस माणसं गोल उभी. एकानं मोबाइलवर घड्याळ लावलं. अकरा अठ्ठावन्न. अकरा एकोणसाठ. बाया पदर सावरून पुढं झाल्या.

बारा.

सावली होती. पाइपाच्या पश्चिमेला, चांगली सव्वा इंच.

"जाईल," आबा म्हणाले.

बारा दोन. बारा चार. गर्दीत कुणीतरी खाकरलं. "आबा, ही तर बसलीया!"

पुढची दहा मिनिटं मी आबांना जे करताना बघितलं ते विसरणार नाही. पहिल्यांदा त्यांनी पाइपावर संशय घेतला. ओळंबा लावला, पाइप निर्दोष. मग शिळेवर, नळी धरली, शिळा निर्दोष. मग देऊळच कललं असेल म्हणाले, पण तासाभरापूर्वी स्वतःच त्याला दाखला दिलेला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सरांनी तारीख चुकीची दिली." चाळीस डोकी माझ्याकडं वळली. मी पुटपुटलो, की तारीख बरोबर आहे, मी नीट बघितलीय. मलाच काही सुचत नव्हतं.

"मंग कारण वेगळंय," आबांनी निकाल दिला. "पृथ्वीच कललीया. तिला कोण ओळंबा लावणार?"

पृथ्वी कललेली आहे, हे खरं. साडेतेवीस अंशांनी कललेली आहे. तसं नसतं तर हा दिवस आमच्या नशिबी आलाच नसता. पण त्या वेळी ते कुणाला सांगायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. पाण्याच्या कडेला मासेमारांनी चिलापीचं कालवण चढवलेलं, त्याचा वास यायला लागला. बारा पंधराला गर्दी कालवणाकडं वळली. नारळवाल्या बायांनी नारळ पळसनाथाच्या पायरीवर फोडले, म्हणजे येणं अगदीच वाया गेलं नाही. आबा मंडपाच्या सावलीत दोन म्हाताऱ्यांना पृथ्वीच्या कलण्याबद्दल सांगत पाठमोरे बसले. मी चपलेनं एक ढेकूळ फोडत राहिलो.

शिळेपाशी राहिली ती हॉटेलवाल्याची पोरगी. तेव्हा सातवीत होती, माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसायची, हात कधी वर करायची नाही. ती उकिडवी बसून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला एक शिंपला ठेवत होती. कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या शिंपल्यांची ओळ पाइपाकडं सरकत चालली होती.

"सर," ती म्हणाली. "गेली."

मी धावलो. पाइप उभा होता आणि त्याला सावली नव्हती. कुठंच. शिळेवर चोहीकडं सारखं पांढरं ऊन. आत डोकावलो तर आधी माझ्याच डोक्याची सावली पडली. बाजूला होऊन तिरकं बघितलं, पाइपाच्या तळाशीसुद्धा ऊन. माझी सावली माझ्या चपलांखाली चेपून गेलेली. फोटोसाठी फोन काढला. फोन तापल्यामुळे कॅमेरा उघडेना, पण घड्याळ दिसलं. बारा सत्तावीस.

आणि मला घाम फुटला, उन्हाचा नव्हे. आपलं घड्याळ पळसदेवच्या सूर्यावर कुठं चालतं? ते चालतं साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, तिकडं उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळ. आपण त्याच्या साडेसात अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं, म्हणजे अर्ध्या तासाचा फरक. मेमध्ये सूर्य तीन-चार मिनिटं पुढं धावतो, ती वजा केली की बारा सत्तावीस. देशभर एक वेळ आली ती १९०६ पासून. मुंबईनं तर हट्टानं १९५५ पर्यंत स्वतःची वेगळी ठेवली, एकोणचाळीस मिनिटं मागं. त्याच्याही आधी, १८५८ च्या डिसेंबरात पुण्याहून आगीनगाडी इथं शेजारी डिकसळपर्यंत आली, तेव्हा आमच्या गावाचं घड्याळ म्हणजे हेच होतं, उभी काठी आणि तिची सावली. हा धडा मी दर वर्षी शिकवतो. परीक्षेत चार मार्कांना विचारतो. आणि चाळीस माणसांना भर बाराला उन्हात उभं करतो!

"आबा!" पोरगी ओरडली. "सावली गेली!"

मंडपात हालचाल झाली. "गेली? थांबव तिला, आलो!" आबा खांबाला धरून उठले. एक गुडघा सरळ झाला, दुसरा झाला नाही. म्हाताऱ्यांपैकी एकानं हात दिला, तर चप्पल सापडेना. अनवाणी दोन पावलं टाकून मागं फिरले. चप्पल सापडली ती दुसऱ्याची. ते शिळेपाशी पोहोचले तेव्हा बारा बत्तीस झाले होते.

त्यांनी पाइपाकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ही काय, हाय की! म्हणलं नव्हतं, जायची न्हाय म्हणून?"

पाइपाच्या कडेला काडेपेटीतल्या काडीएवढी जाड सावली आली होती.

"आबा, ही नवीय," पोरगी म्हणाली. "आधीची ह्या अंगाला होती. हे बघा."

आबांनी भिंग काढलं. भर उन्हात भिंगाखाली स्वतःचा अंगठा धरला आणि चटका बसून हात झटकला. भिंग खिशात गेलं. मग गुडघ्यावर हात ठेवून ते नुसत्या डोळ्यांनी बघायला लागले. पश्चिमेला शिंपल्यांची ओळ, लांबून पाइपाच्या बुडापर्यंत आलेली. आणि पूर्वेला ही काडीएवढी कड, बघता बघता जाड होणारी. त्यांनी ओळ बोटानं मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग बोट पाइपाला वळसा घालून पलीकडच्या सावलीवर ठेवलं. पुन्हा अलीकडं आणलं.

"हितं होती," ते म्हणाले. "आता हितं हाय." बोट दोन्हीच्या मध्ये येऊन थांबलं. "मंग मधी ही कुठं गेलती?"

मी तोंड उघडलं. साडेब्याऐंशी अंश, मिर्झापूर, अंशाला चार मिनिटं, सगळं जिभेवर आलेलं होतं.

आबांनी सुजलेल्या बोटाचा हात वर केला.

"थांबा सर. तुम्ही काय सांगू नका." टोपी काढून ते शिळेच्या कडेला उन्हातच टेकले आणि पोरीला म्हणाले, "आणखी चार शिंपले आण गं. आधी मला कारण काढू द्या."